उजवं घालणारी व्हॅन

समजा, तुम्ही एका इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी उताणे पडला आहात. पाठ गाडीत, पाय बाहेर उद्यमनगरच्या रस्त्यावर. येणारा-जाणारा तुमच्या चपलांना विचारतोय, "काय पावणं, झोपलाय व्हय?" नारिंगी वायरींचा प्लग तुम्ही आधीच उपसून खिशात घातलाय. बॅटरीची काळी तार सोडून दहा मिनिटं थांबलाही आहात, कारण करंट तोडला तरी गाडीच्या पोटात थोडा उरतो. आता डोळ्यांसमोर आहे स्टिअरिंगचा दांडा, दांड्याला चिकटलेली एक मोटर आणि मोटरीच्या पाठीवर जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी ॲल्युमिनियमची डबी. कंपनीच्या कागदावर तिचं नाव पॉवर स्टिअरिंग कंट्रोल मॉड्यूल. वायरी जोडणारे तीन कपलर काढायचे, चार बोल्ट सोडायचे. मेलेली डबी खाली, दुसरी वर.

इथवरचं काम हाताचं. पुढचं काम हात काढून घेण्याचं आहे.

नव्या डबीला शून्य शिकवावं लागतं. चाकं सरळ, जमीन सपाट आणि स्टिअरिंगला कुणाचाही स्पर्श नाही. लॅपटॉपवरून हुकूम दिला की त्या क्षणी दांड्याला जेवढा पीळ असेल तो डबी मोजते आणि मनाशी पक्कं करते, की हे शून्य. इथून पुढं याहून वेगळा पीळ जाणवला तर माणसाचा हात लागलाय असं समजायचं आणि तो हात जिकडं म्हणेल तिकडं मोटरीनं जोर लावायचा.

तुम्ही सगळं नीट केलंत. सीटवर बसलात, चावी फिरवलीत, दोन्ही हात मांडीवर ठेवलेत. आणि तुमच्यासमोर ते रिकामं स्टिअरिंग हळूच, बोटभर, डावीकडं सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं.

तुमच्या जागी, त्या सीटवर बसलेल्या क्रांती पोवारनं पहिल्यांदा आपले दोन्ही हात बघितले. ते मांडीवरच होते.

शेजारच्या सीटवर गाडीवाल्याची आत्या बनाबाई बसली होती. तिनं क्रांतीकडं बघितलं, स्टिअरिंगकडं बघितलं आणि विचारलं, "तू केलंस?"

"न्हाय आज्जी."

"मग गाडीला कुटं जायाचं हाय?"

शनिवारची दुपार होती, साडेबारा वाजलेले. समोर लेथवर लोखंड किंचाळत होतं, ऊन पत्र्यांवर नाचत होतं. अशा वेळी माणसाला भ्यायला सवड नसते. तरीही क्रांतीनं चावी बंद केली.

क्रांती बेचाळीस वर्षांची. माहेर गडहिंग्लजकडचं. तिचे वडील ज्ञानू हे पंचक्रोशीतल्या जळालेल्या पंपांचे डॉक्टर. नदीवरची मोटर जळाली की बैलगाडीतून, पुढं टेम्पोतून त्यांच्या दारात यायची. ते जळकं तांबं उपसायचे आणि नवी तार भरायचे. वेढे मोजायचं काम लहानग्या क्रांतीचं. एक वेढा चुकला तर मोटर गरम होते, म्हणून मोजताना तिच्याशी बोलायला आईलाही बंदी होती. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली, नवरा अमरसिंह फौंड्रीत पाळीला जायचा, आणि क्रांतीनं उद्यमनगरात दहा बाय बारा फुटांच्या गाळ्यात 'क्रांती वाइंडिंग वर्क्स' अशी पाटी लावली. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुटं गेलेत?" ती म्हणायची, "मिस्त्री तुमच्याशीच बोलतोय." कोल्हापूरच्या बाईला 'बोलतोय' म्हणायला संकोच नसतो, त्यामुळं गिऱ्हाईकाला एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी कळायच्या.

चार वर्षांपूर्वी रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या दिसायला लागल्या. तिनं गाळा सहा महिने पुतण्याच्या ताब्यात दिला आणि पुण्याला जाऊन कोर्स केला. वर्गात सगळी विशीतली मुलं. परत आल्यावर पाटीखाली कागद चिकटवला, 'इलेक्ट्रिक गाड्यांची कामे होतील'. आता कागद जाऊन पत्रा आलाय. मोटर आणि तिला चालवणारा कंट्रोलर यांचं भांडण कुठं लागलंय हे तिला आवाजावरून कळतं, असं गाडीवाले सांगतात. ती स्वतः तसं म्हणत नाही. ती मीटर लावते.

व्हॅन विजयसिंहची. मुरगूडच्या बाजूच्या गावांतून तो चार माणसांना घेऊन कोल्हापूरला येतो. चौघांच्याही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीनवर पडायचं आणि परत जायचं. एक पाळी चुकली की अंगातलं पाणी छातीपर्यंत चढतं, दम लागतो. दोन चुकल्या तर पुढचं कुणी बोलत नाही. शुक्रवारी परतताना गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. तिघं एसटीनं गेली. चौथी बनाबाई, विजयसिंहची आत्या, लेकीकडं उचगावला राहिली आणि शनिवारी सकाळी पिशवी घेऊन थेट गाळ्यावर आली. "गाडी हुईल तवा हुईल, मी बसतो हितं," म्हणाली आणि खरंच गाडीतच बसली.

कंपनीनं सांगितलं, नवी डबी यायला दहा-बारा दिवस लागतील. सोमवारी लग्नाची मोठी तिथी होती, जिल्ह्यातली एकही जीप रिकामी नव्हती. शेवटी इचलकरंजीच्या भंगारवाल्या गणपतरावांकडं त्याच मॉडेलची एक भंगारातली गाडी सापडली. मागून ट्रकनं चेपलेली, पुढचा भाग शाबूत. तिची डबी विजयसिंह शनिवारी सकाळी काढून घेऊन आला.

आणि ती डबी आता स्टिअरिंग डावीकडं नेत होती.

क्रांतीनं गाडी रस्त्यावर काढून बघितली. विजयसिंह मागं बसला, बनाबाई उतरायला तयार नव्हती. राजारामपुरीकडच्या मोकळ्या रस्त्याला क्रांतीनं पकड जरा सैल सोडली की गाडी डाव्या अंगाला झुकायची. झटका नाही, हिसका नाही. एखादा जाणता माणूस वाटेतून बाजूला होतो तशी.

"उजवं घालतीया," बनाबाई म्हणाली.

"काय?"

"कुणाला तरी उजवं घालतीया गाडी. द्यावळ असू दे, पिंपळ असू दे, वाटंत कोण थोर बसलेलं असू दे. आपल्या उजव्या हाताला ठिवून जायाचं. तुज्या आईनं शिकवलं न्हाय व्हय?"

"आत्या, रस्त्यात कोण बी बसलेलं न्हाय," मागून विजयसिंह म्हणाला.

"तुला कवा काय दिसलंय? लग्नाला मुलगी बघाय गेलतास, तिची भन बघून आलतास."

क्रांती हसली, पण तिचे हात हसले नाहीत. ते स्टिअरिंगवर घट्ट होते.

गाळ्यावर आल्यावर तिनं पहिल्यापासून सगळं आठवलं. दांड्याचा पीळ मोजणारा सेन्सर या गाडीचाच, तो ठीक होता. टायर सारखे, हवा सारखी. मग शून्यच चुकलं असणार. म्हणजे डबी शिकत असताना दांड्याला कुणीतरी धरलं असणार.

"दादा, मी लॅपटॉपवर हुतो तवा स्टिअरिंगला हात लावलासा?"

"आईशप्पत न्हाय. तुम्ही म्हणलासा हात लावू नगा, न्हाय लावला."

"नीट आठवा."

"ताई, तुमच्या समोर नारळ फोडला. तवर मी कशाला बी शिवलो न्हाय."

क्रांतीनं स्टिअरिंगकडं बघितलं. उजव्या दांडीला लाल सुताचा एक तुकडा अडकून राहिला होता.

"नारळ फोडायच्या आदी कुटं हुता?"

विजयसिंहनं सहज सांगितलं. नवा भाग गाडीला बसला की नारळ थोडा वेळ गाडीच्या अंगाला लावून ठेवायचा, मग फोडायचा, अशी त्यांच्या घरची रीत. लाल फडक्यात शेंडीचा मोठा नारळ, पाच सुपाऱ्या, हळकुंडं आणि मूठभर तांदूळ बांधून त्यानं तो स्टिअरिंगच्या उजव्या दांडीला लटकवला होता. क्रांती त्या वेळी गाडीबाहेर स्टुलावर लॅपटॉप घेऊन पाठमोरी बसलेली.

"म्हंजे लावलासा की!"

"हात कुटं लावलाय? नारळ बांदलाय."

आता क्रांती खरोखर हसली. सगळा उलगडा झाला होता. उजवीकडं किलोभर वजन लटकत असताना डबीनं त्यालाच शून्य मानलं. वजन काढल्यावर तिला वाटायला लागलं, की कुणीतरी सतत डावीकडं ओढतंय. बिचारी इमानानं त्या नसलेल्या हाताला मदत करत होती. क्रांतीनं दोघांनाही गाडीबाहेर काढलं, स्वतः दार लावून घेतलं आणि पुन्हा शून्य शिकवलं. या वेळी स्टिअरिंग मेल्यासारखं गप्प राहिलं. संध्याकाळपर्यंत तिनं गाडी तीन वेळा फिरवली. सुतासारखी सरळ. विजयसिंह बनाबाईला घेऊन गावी गेला आणि पोचल्यावर त्याचा फोन आला, "लोण्यावानी चाललीया ताई."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जळालेली मोटर आली की ती का जळाली हे बघितल्याशिवाय तार भरायची नाही, ही क्रांतीची वडिलांकडून आलेली खोड. शनिवारी शून्य शिकवायच्या आधीच तिनं डबीच्या पोटातली माहिती लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. रविवारी जेवण झाल्यावर ती उघडून बसली.

डबी शेवटचा काही काळ लक्षात ठेवते. गाडीचा वेग, स्टिअरिंगचा कोन, हाताचा जोर. या डबीच्या लक्षात तिच्या जुन्या गाडीची शेवटची अकरा मिनिटं होती. वेग शून्य. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, आणखी वळायला जागाच नाही इतकं. आणि हाताचा जोर? तो डावीकडंच, अकरा मिनिटं सलग. मग वीज तुटलेली. ट्रकनं मागून धडक दिली तो क्षण.

तिला पहिल्यांदा वाटलं, त्या गाडीतही कुणी काही बांधलं असेल. पण लटकत्या वजनाची रेघ सरळ येते. ही रेघ थरथरत होती. जोर वाढायचा, थकल्यासारखा कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. वजन थकत नाही, हात थकतो. डबीचं जुनं शून्य तिनं दोनदा तपासलं. ते अगदी बरोबर होतं.

तिनं गणपतरावांना फोन लावला.

"ती चेपलेली व्हॅन, काका. ड्रायव्हरला किती लागलं हुतं?"

"कुणाला लागंल? गाडीत कोण नव्हतंच. जोतिबाच्या रस्त्याला कडेला लावून चहाला उतरलेला. चावी तशीच चालू. मागनं ट्रक आला आन् बसला. त्यानंच इकली मला गाडी, हातपाय धड हाईत. यशराज म्हणून हाय."

"किती वेळ उतरलेला?"

"दहा-पंदरा मिनिटं म्हणला बगा. का वो, डबीत बिगाड हाय?"

"न्हाय. डबी बरोबर हाय."

"मग झालं की!" गणपतरावांनी यशराजचा नंबर दिला आणि फोन ठेवला.

गाडी थांबवली तर उद्या चार माणसं मशीनपर्यंत पोचणार नाहीत. गाडी सोडली तर ती कशाच्या भरवशावर सोडली, हे ती स्वतःलाच सांगू शकत नव्हती. मीटर म्हणत होतं, भाग निर्दोष आहे. शेवटी तिनं विजयसिंहला फोन केला, "उद्या मी येतो गाडीत. पहाटंच्या एसटीनं मुरगूडला पोचतो. आन् मी सांगितल्याबिगर चाळीसच्या वर जायाचं न्हाय."

सोमवारी साडेआठला चौघं गाडीत बसली. पुढं बनाबाई, मागं तिघं. क्रांती त्यांच्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन. तार पायाखालून डॅशबोर्डकडं गेलेली. हवा स्वच्छ होती, दोन्ही बाजूंना ऊस. पडद्यावरची हिरवी रेघ विजयसिंहच्या हातांप्रमाणं हलत होती. वळणाला वर-खाली, सरळ रस्त्याला सपाट. मागं बसलेले नृसिंह मास्तर विचारत होते, "ही माझी ईसीजी हाय का गाडीची?" क्रांती म्हणाली, "गाडीची, मास्तर. तुमच्यापेक्षा बरी हाय."

सिद्धनेर्ली मागं पडली. रस्ता सरळ, समोर काही नाही. ना खड्डा, ना कुत्रं. विजयसिंहनं उजवा हात खिडकीच्या कडेला टेकला होता, डाव्या हाताची दोन बोटं स्टिअरिंगवर सैल होती. आणि रेघ उठली. डावीकडं. थरथरत.

गाडी फूटभर डाव्या अंगाला सरली, तीन-चार सेकंद तशीच गेली आणि आपसूक पुन्हा वाटेवर आली. इतकी अलगद की मागच्या तिघांचं बोलणंही तुटलं नाही.

पुढं बनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं आज्जी?"

"मला काय म्हाईत? उजवं घातलं की गेलं."

"दादा, आत्ता डावीकडं का घेतलासा?"

"मी?" विजयसिंहनं आरशातून तिच्याकडं बघितलं. "मी सरळच हाय की."

क्रांतीनं त्याला दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला सांगितलं आणि वेग तीसवर आणला. चौघं अकराच्या आधी मशीनवर होती. दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली बसून तिनं ते तीन-चार सेकंद पुन्हा बघितले. डबी स्वतःहून काहीच करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शून्य अजून शून्यच होतं, तिनं तिथल्या तिथं तपासलं. डबीला हात जाणवला होता, म्हणून तिनं मदत केली होती. दोन सैल बोटांत एवढा जोर नसतो.

संध्याकाळी परतताना पुन्हा तेच झालं. जागा मात्र दुसरी, कागलच्या थोडं पुढं, जिथं दोन्ही बाजूंना नुसती मोकळी रानं होती. दोन्ही हात घट्ट धरलेल्या विजयसिंहला या वेळी जाणवलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "कोण तरी माज्या हातावरनं हात धरला."

मागच्या कुणाला ऐकू गेलं नाही. बनाबाईला गेलं असावं, पण ती खिडकीतून उजवीकडं बघत राहिली.

चौघांना घरी पोचवून क्रांतीनं गाडीची चावी मागितली. "बुधवारी ही गाडी न्यायची न्हाय."

"आवो, पण भाग बरोबर हाय म्हणलासा तुम्ही!"

"भाग बरोबर हाय. म्हणूनच."

लग्नाची तिथी सरली होती. बुधवारपासून विजयसिंहला मावसभावाची जीप मिळाली आणि चौघांची एकही पाळी चुकली नाही. बाराव्या दिवशी पुण्याहून नवी डबी आली. क्रांतीनं ती एकटीनं बसवली, गाळ्याचं शटर अर्धं ओढून, कुणाला जवळ येऊ न देता. त्यानंतर पाच फेऱ्या ती गाडीत बसून गेली. हिरवी रेघ सगळ्या वाटेवर सपाट राहिली. सहाव्या फेरीला ती गाळ्यावरच थांबली, आणि बनाबाईनं निरोप धाडला, "पोरीला म्हणावं, गाडी आता कुणाचा मान ठेवत न्हाय, नुसती पळतीया."

गणपतरावांकडून आणलेली डबी कोरी करून त्यांना परत द्यायची होती. क्रांतीनं ती कोरी केली नाही. ती दोन रेघा एकमेकींवर ठेवून बघते, जोतिबाच्या रस्त्यावरची अकरा मिनिटं आणि सिद्धनेर्लीजवळचे तीन-चार सेकंद. थरथर तीच. तोच हात.

यशराजला तिनं एकदाच फोन केला. तिनं नाव सांगितलं, त्या व्हॅनबद्दल बोलायचं आहे म्हणाली, आणि तिनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी न्हवतो गाडीत. मी उतरलतो." मग फोन बंद. त्यानंतर तो उचलत नाही.

तो गाडीत नव्हता यावर तिचा विश्वास आहे. तो हात त्याचा नव्हता, हेही तिनं जवळपास मान्य केलं आहे. पण कुणीतरी उभ्या गाडीचं तोंड अकरा मिनिटं जीव तोडून डावीकडं धरून ठेवलं, ट्रक येईपर्यंत सोडलं नाही. वाट द्यायला, की मान ठेवायला, की कुणाला तरी वाचवायला, ते डबी सांगू शकत नाही. ते यशराजच सांगू शकतो. पुन्हा कधी त्यानं फोन उचललाच, तर क्रांतीला त्याला एवढंच विचारायचं आहे: तुम्ही चहाला उतरलासा, तवा गाडीच्या उजव्या हाताला रस्त्यात कोण बसलं हुतं?